गुरुवारी पास होणारी टेस्ट

मी तापट आहे असं घरचे म्हणतात. माझं म्हणणं असं की मी बरोबर असतो आणि लोकांना ते पटायला वेळ लागतो. त्या मधल्या वेळात माझा आवाज चढतो. ज्या दिवसांबद्दल सांगतोय त्या दिवसांत मी सलग चार महिने बरोबर होतो. त्यापायी एका बाईंची नोकरी जायची वेळ आली होती.

आमचं ऑफिस नागपुरात, तिसऱ्या मजल्यावर. एक हॉल, सहा टेबलं, एक कूलर आणि खिडकीतून दिसणाऱ्या शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या. साहेब पुण्यात बसतात आणि आम्हाला पडद्यावर दिसतात. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. पेशंटची नोंद, तपासण्या, औषधं, सुटी, सगळं त्यात येतं. रोज त्यात काहीतरी बदल होतो, आणि बदलाच्या नादात जुनं काही मोडलं नाही ना हे पाहायला टेस्ट असतात. टेस्ट म्हणजे पण एक प्रोग्रामच. तो नकली पेशंट बनून सॉफ्टवेअर वापरून पाहतो. सगळं नीट झालं तर हिरवी खूण, नाहीतर लाल.

आधी या टेस्ट आमच्याच कॉम्प्युटरवर चालायच्या आणि त्या चालू असेपर्यंत साधा मेल उघडायचीही सोय नसायची. म्हणून मी एक प्लगिन लिहिलं, म्हणजे चालू सॉफ्टवेअरला मागून लावायचा एक छोटा जोड. बटन दाबलं की ते क्लाउडमधून, म्हणजे कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या गार खोलीतून, एक मशीन मागून घ्यायचं, त्याला नाव द्यायचं, तिथे टेस्ट चालवायचं आणि काम झाल्यावर दहा मिनिटं थांबून मशीन परत करायचं. थांबायचं अशासाठी की कोणाला लगेच पुन्हा लागलं तर ते तयार असावं. शिवाय आपल्या नावाचं मशीन आधीच चालू दिसलं तर नवं न मागता तेच वापरायचं, ही आणखी एक हुशारी मी त्यात घातली होती. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. घरी येऊन मी ते बायकोला दोनदा सांगितलं.

आमच्यात ताई वयाने सगळ्यांत मोठ्या आणि कामाला सगळ्यांत नव्या. त्रेचाळीस वर्षांच्या. पंधरा वर्षं जरीपटक्यातल्या एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायच्या. शाळेने तो विषयच बाहेरच्या कोणाला देऊन टाकला आणि ताई घरी बसल्या. मग स्वतःच्या मुलीच्या वयाच्या पोरांशेजारी बसून त्यांनी टेस्टिंगचा कोर्स केला आणि आमच्याकडे आल्या, सहा महिन्यांच्या बोलीवर. सहा महिन्यांनी साहेब ठरवणार, कायम की रामराम. नरखेडला त्यांच्या भावाची संत्र्याची बाग आहे. तिथली संत्री आमच्या टेबलांवर वाटता वाटता त्या एकदा म्हणाल्या होत्या, "इथून गेली तं या वयात दुसरीकडे कोण घेते मले." त्या सहज बोलल्या, म्हणून मीही सहज ऐकलं.

ताईंची टेस्ट लांबलचक होती. आमच्या टेस्ट एकेका खिडकीपुरत्या, पाच-सात मिनिटांत आटपणाऱ्या. ताईंचा नकली पेशंट मात्र दारातून आत यायचा, नाव नोंदवायचा, रक्त द्यायचा, भरती व्हायचा, एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जायचा आणि शेवटी डिस्चार्जचा कागद घेऊन घराकडे निघायचा. सासूबाईंच्या आजारपणात ताईंनी दवाखान्यात महिनेच्या महिने काढले होते. कुठल्या खिडकीवर काय अडतं ते त्यांना तोंडपाठ होतं. या सगळ्याला वीस मिनिटं लागायची.

प्लगिन सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यापासून ताईंचा पेशंट घरी पोचेना. अकरा वाजता साहेबांकडे सकाळचा रिपोर्ट जायचा, त्यात पाच जणांचं हिरवं आणि ताईंचं लाल. कधी पेशंट औषधांपाशी अडकायचा, कधी वॉर्ड बदलताना. कारणाच्या रकान्यात एकच ओळ असायची: मशीनशी संपर्क तुटला. दुपारी ताई तीच टेस्ट पुन्हा चालवायच्या आणि ती हसतखेळत पास व्हायची.

आमच्या धंद्यात यासारखं वाईट काही नाही. नेहमी नापास होणारी टेस्ट निदान प्रामाणिक असते. सकाळी नापास आणि दुपारी पास, म्हणजे लहरी. मी ताईंना तेच सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "सर, मशीनकडून तं काही होत नसन ना?"

"ताई, मशीन चुकत नाही. माणूस चुकते," मी म्हणालो. "माझ्याकडे चालवून पाहिली मी, बरोबर चालते. तुमची टेस्ट मशीनवर लोड टाकून राहिली. कापा तिले."

त्यांनी मान हलवली आणि टेस्ट कापायला घेतली. भरतीचा भाग लहान केला, मधल्या तपासण्या काढल्या, परत घातल्या. काही फरक पडला नाही. मी शेजारच्या टेबलावर कोणाला तरी म्हणालो की नाचता येईना, अंगण वाकडं. ते ताईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो, आणि ते मला माहीत होतं.

आता पोह्यांचं सांगतो. सकाळी सव्वादहाला आम्ही सगळे खाली तर्रीपोहे, म्हणजे वर तिखट रस्सा घातलेले पोहे, खायला जातो. सुट्टी सोडून कधी खंड नाही. टेस्ट चालू असताना हातावर हात धरून बसण्यापेक्षा तो वेळ पोह्यांत घालवावा, अशी ती सोय. कोणीतरी उठून म्हणतो, "दाबा बे." मग सगळे आपापलं बटन दाबतात आणि जिना उतरतात. परत येईपर्यंत रिपोर्ट तयार. ताईही यायच्या, तर्री नावापुरती घेऊन अर्धी प्लेट खायच्या. फक्त गुरुवारी त्यांचा उपास असायचा, त्या दिवशी त्या वर थांबायच्या.

सहावा महिना लागला तसं साहेबांनी मला ताईंबद्दल लेखी मत मागितलं. मी ते महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी पाठवलं. चार ओळी होत्या. मेहनती आहेत, स्वभाव चांगला, पण टेस्ट भरवशाच्या नाहीत, कायम करण्याचा विचार जपून व्हावा. शुक्रवारी दुपारी साहेब निर्णय सांगणार होते. आपलं मत पुराव्यानिशी असावं म्हणून मंगळवारी मी चार महिन्यांचे सकाळचे रिपोर्ट एका तक्त्यात मांडले, वारांप्रमाणे रकाने पाडले, रंगीत छापून घेतले. आणि तक्ता हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

ताईंच्या नावापुढे सगळं लाल होतं. त्यात एक रकाना वरपासून खालपर्यंत हिरवा. गुरुवारचा.

शेजारच्या टेबलावरच्याने तक्ता पाहिला आणि हॉलभर बातमी केली. "उपासाची पुण्याई आहे गा. ताई, तुमी रोजच धरा ना उपास." सगळे हसले. ताईही हसल्या. मी हसलो नाही, कारण मला राग आला होता. देवधर्म मानणाऱ्यांचं मी कधी काही काढत नाही, पण माझ्या प्लगिनमध्ये वार पाहणारी एकही ओळ नव्हती. उपास पाहणारी तर नव्हतीच नव्हती. त्या दिवशी मी ताईंची टेस्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. तारखा कुठे वापरल्यात ते शोधलं, क्लाउडवाल्यांचं गुरुवारी काही वेगळं असतं का ते पाहिलं. काही सापडलं नाही. एवढं मात्र कळलं की टेस्ट फार चांगली लिहिली होती. तेही मी मनातच ठेवलं.

बुधवारी पोहेवाल्याने दुकान उघडलं नाही. भाच्याच्या लग्नाला सावनेरला गेला होता, पण आम्हाला सांगून गेला नव्हता. आम्ही खाली गेलो, बंद टपरीसमोर थोडा वेळ उभे राहिलो आणि चिडून वर आलो. त्या गडबडीत बटनं दाबायची राहूनच गेली होती. मग ज्याने त्याने आठवेल तशी दाबली. कोणी लगेच, कोणी डब्यातलं काहीतरी तोंडात टाकून, कोणी फोन झाल्यावर. अकराच्या रिपोर्टमध्ये सहाही हिरवे.

"ताई, आज बी उपास का?" कोणीतरी विचारलं.

"नाही गा. सकाळी भाकर खाऊन आली मी."

त्या एका भाकरीने माझं डोकं ठिकाणावर आणलं. उपास नाही, गुरुवार नाही, तरी हिरवं. मग आज वेगळं काय झालं? कोड तोच, टेस्ट तीच, माणसं तीच. फक्त पोहे नव्हते. हा विचार मनात आला याचीच मला लाज वाटली, म्हणून मी तो कोणाला सांगितला नाही. गुपचूप प्लगिनने मागवलेल्या मशीनची यादी उघडली. ही यादी मी चार महिन्यांत एकदाही उघडली नव्हती. मशीन चुकत नाही म्हटल्यावर उघडणार कशाला?

बुधवारी सहा माणसांनी सहा मशीनं घेतली होती. मंगळवारच्या ओळीवर आलो. सकाळी दहा वाजून सतरा मिनिटं, मशीन एक. सोमवारी, मशीन एक. मागच्या शुक्रवारी, एक. गुरुवारी मात्र दोन, एक दहा सतराचं आणि दुसरं पाव तासानंतरचं.

मग मी ताईंची टेस्ट सोडून माझं प्लगिन उघडलं. मशीनला नाव देणारी ओळ मीच लिहिलेली. प्रोजेक्टचं नाव, तारीख, तास, मिनिट. एका मिनिटात दोघांनी बटन दाबलं तर दोघांच्या मशीनचं नाव एकच होणार, हे ओळ वाचता वाचताच दिसत होतं. त्यात ती दुसरी हुशारी, आपल्या नावाचं मशीन दिसलं की तेच वापरायचं. रोज सकाळी कोणीतरी "दाबा बे" म्हणायचा आणि आम्ही सहाही जण एकाच मशीनमध्ये शिरायचो. कोणाची तरी छोटी टेस्ट पाच मिनिटांत आटपायची. प्लगिन दहा मिनिटं थांबायचं आणि मशीन बंद करून परत द्यायचं. आमच्या टेस्ट तोपर्यंत संपलेल्या असायच्या. ताईंचा पेशंट तेवढा आत वॉर्डात असायचा आणि मी बाहेरून दिवे मालवून कुलूप लावायचो. गुरुवारी ताई सगळे गेल्यावर आधी चहा करायच्या, शेंगदाणे खायच्या आणि मग निवांत बटन दाबायच्या. त्यांना स्वतःचं मशीन मिळायचं.

सुधारायला दोन मिनिटं लागली. नावात सेकंद घातले, वर एक आपोआप पडणारा आकडा घातला, आणि दुसऱ्याचं मशीन वापरायची हुशारी काढून टाकली. कोणाला काही बोललो नाही.

संध्याकाळी बायकोने सांगितलेली कुकरची रिंग आणायला इतवारीच्या बाजारात गेलो. पुढे हातगाडी, मागे टेम्पो, आणि मध्ये स्कूटरवर मी. तिथे अडकल्या अडकल्या मी स्वतःशी सौदा करत होतो. दुरुस्ती तर झाली. शुक्रवारी हिरवं येईल, सगळे म्हणतील ताईंनी टेस्ट सुधारली. त्यांचंही नाव होईल, माझंही राहील. यात वाईट कोणाचं आहे? विचार मला फार आवडला. "सरका ना भाऊ, काहून रस्ता अडवून राहिले?" हातगाडीवाला ओरडला तेव्हा भानावर आलो. आणि मग आठवलं की माझ्या त्या चार ओळी सोमवारपासून साहेबांकडे पडल्या आहेत. चार महिन्यांच्या लालपुढे एका शुक्रवारच्या हिरव्याला कोण विचारतं? गप्प बसलो तर ताई जाणार होत्या. फार थोरपणाने ठरवलं असं काही नाही. दुसरी वाट नव्हती.

गुरुवारी रिपोर्ट हिरवा आला आणि त्याचा काही उपयोग नव्हता, कारण गुरुवारी तो यायचाच. मी पोह्यांना गेलो नाही. हॉलमध्ये ताई आणि मी दोघंच. मी कागदावर चौकोन काढून त्यांना सगळं समजावून सांगितलं. हे मशीन, हे नाव, इथे मिनिट, इथे प्लगिनमध्ये एक त्रुटी राहून गेली होती. ताईंनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

"म्हणजे माझ्या टेस्टमधी काही नव्हतं?"

"नव्हतं."

त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि थंड झालेला चहा संपवला. दुपारी मी साहेबांना लिहिलं की सोमवारच्या चार ओळी मागे घेतो, दोष प्लगिनमध्ये होता, प्लगिन माझं आहे. पाठवायच्या बटनावर बोट ठेवून बराच वेळ बसलो होतो, हेही सांगून टाकतो.

शुक्रवारी मी सगळ्यांना बजावलं की आज एकदमच दाबायचं, कोणी पुढेमागे करायचं नाही. पोहेवाला लग्नाहून परतला होता. आम्ही खाली उभे, हातात प्लेटा, माझी नजर फोनवर. पंधरा मिनिटं झाली. रोज याच वेळी पेशंट जायचा. सोळा, सतरा. तर्री शर्टावर सांडली ते मला नंतर बायकोने दाखवलं. विसाव्या मिनिटाला ताईंचा पेशंट कागद घेऊन घरी निघाला. हिरवं आलं, सहाही जणांचं. कोणीतरी माझ्या पाठीत धपका घातला. मी ताईंकडे पाहिलं तर त्या रस्त्याकडे पाहत होत्या.

दुपारी साहेब पडद्यावर आले. त्यांनी माझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं, ते त्यांनी वाचायला नको होतं असं मला वाटलं. मग म्हणाले, "अरे, एवढीशी चूक शोधायला चार महिने? आणि तीही पोहेवाला लग्नाला गेला म्हणून?" सगळे हसले. मग त्यांनी सांगितलं की ताई कायम, आणि सकाळच्या सगळ्यांच्या टेस्ट यापुढे ताईंनीच तपासून पाठवायच्या. म्हणजे माझ्याही. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या आणि त्या मनापासून होत्या.

ताई खाली जाऊन संत्राबर्फी घेऊन आल्या आणि टेबलाटेबलाशी जाऊन वाटायला लागल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा मी एक तुकडा घेतला आणि दुसरा त्यांच्यापुढे केला. त्यांनी हात मागे घेतला.

"नको सर. उपास आहे माझा."

"आज? शुक्रवारी?"

"हो ना. सकाळी पोहे बी नाही खाल्ले मी." सकाळी मी फोन पाहत होतो, मला दिसलंच नव्हतं.

"ताई, कागदावर काढून दाखवलं ना मी. उपासाचा काही संबंधच नव्हता."

"ते समजलं मले, सर. पंधरा वर्षं पोरायले हेच शिकवलं ना मी." त्यांनी डब्याचं झाकण नीट लावलं. "पण चार महिने तुमी सांगून राहिले होते का मशीन चुकत नाही, मीच चुकून राहिली. तेही असंच समजलं होतं मले. मंग आज कोणाच्या भरवश्यावर राहू? म्हटलं, आपल्या हातात आहे तेवढं करून घेऊ."

आवाजात राग नव्हता. असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, रागाला उत्तर देणं मला जमतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चूक प्लगिनची म्हणून सांगितली होती, साहेबांना लिहून दिली होती, कागदावर चौकोन काढून समजावली होती. ताईंना मात्र मी या सगळ्यात कुठेही म्हटलं नव्हतं की माझं चुकलं.

ते तेव्हा म्हटलं. त्या "हो" म्हणाल्या आणि डबा घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या.